लेखी इंग्रजीत जोर कसा द्यावा: 'ओन्ली', 'ईव्हन', 'व्हेरी' आणि नागपूरकरांचा 'च'

'आय ॲम फ्रॉम नागपूर ओन्ली.' 'सेंड इट टुडे ओन्ली.' 'ईव्हन आय वॉज देअर.' बर्डीवरच्या ऑफिसात, मिहान औद्योगिक परिसराच्या कॅन्टीनमध्ये, धरमपेठेतल्या क्लासमध्ये ही वाक्यं रोज कानावर पडतात आणि कुणाचं काही अडत नाही. बोलताना आवाज चढतो-उतरतो, हातवारे होतात आणि समोरचाही मराठीतच विचार करत असतो. तीच वाक्यं नोकरीच्या अर्जात किंवा करारात गेली की हे सगळे आधार निघून जातात. वाचणाऱ्याच्या हाती शब्द आणि शब्दांची जागा एवढंच उरतं.

चूक व्याकरण न आल्यामुळे होते असं मला वाटत नाही. मराठीत जोर शब्दाला चिकटतो. शाळेत 'शुद्ध शब्दयोगी अव्यये' पाठ केलेली आठवत असतील: च, ही, देखील, सुद्धा, मात्र, पण. शब्दाचं सामान्यरूप न करता ती थेट त्याला जोडली जातात, त्यामुळे जोर कुठं आहे याबद्दल शंका राहत नाही. 'रामनंच पैसे दिले', 'रामनं पैसेच दिले', 'रामनं पैसे दिलेच'. तीन वाक्यं, तीन अर्थ. इंग्रजीत असं चिकटवायला काही नाही. तिथं जोराचा शब्द सुटा असतो, आणि तो वाक्यात कुठं बसवला यावर अर्थ ठरतो. आपण 'च' जिथं येतो तिथं, म्हणजे शब्दाच्या मागं, 'ओन्ली' ठेवून देतो आणि घोटाळा तिथंच होतो.

नागपूरकरांची आणखी एक अडचण आहे, जी पुणेकरांना सहसा नसते. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी दोन्ही इथं घरच्याच. आता बघा, मराठीत 'मीही जाईन' म्हणजे इतरांबरोबर मीसुद्धा. हिंदीत 'मैं ही जाऊँगा' म्हणजे मीच, दुसरं कुणी नाही. 'ही'चा उच्चार एक, अर्थ उलटे. दोन्ही भाषा डोक्यात ठेवून इंग्रजी लिहिणाऱ्याचा 'ओन्ली' आणि 'ऑल्सो' यांत गोंधळ झाला तर नवल नाही.

खाली सगळी इंग्रजी उदाहरणं देवनागरीत आहेत. ती मोठ्यानं, पण सपाट आवाजात वाचा. कुठल्याही शब्दावर आवाज न चढवता अर्थ नीट लागला, तर ते वाक्य कागदावर टिकेल.

पहिली पायरी: 'च' नेमकं काय काम करतोय ते ओळखा

वाक्य मनात मराठीत तयार होत असेल तर होऊ द्या, लपवायचं काही कारण नाही. फक्त त्यातल्या प्रत्येक 'च'ला विचारा, तू इथं कशाला आलास? कारण 'च'ची कामं अनेक आहेत आणि प्रत्येकाला इंग्रजीत वेगळा शब्द लागतो. कधी तर शब्दच लागत नाही.

'आम्ही नागपूरचीच संत्री घेतो' यातला 'च' इतरांना वगळतो. दुसरीकडची संत्री नाही, एवढंच त्याला सांगायचंय. इथं 'ओन्ली' बरोबर: 'वी बाय ओन्ली नागपूर ऑरेंजेस.'

'मी नागपूरचाच' यातला 'च' कुणालाही वगळत नाही. समोरचा नागपूरचा निघाला, म्हणून आपण आनंदानं 'मीपण इथलाच' म्हणतो. इंग्रजीत ते होईल 'आय ॲम फ्रॉम नागपूर टू' किंवा 'आय ॲम फ्रॉम नागपूर मायसेल्फ'. आधी कुणाचा संदर्भच नसेल तर नुसतं 'आय ॲम फ्रॉम नागपूर' पुरे.

'त्यानंच फोन केला होता' इथं 'च' बोट दाखवतो. इंग्रजी यासाठी वाक्याची मांडणी बदलते: 'ही वॉज द वन हू कॉल्ड.' यात जोर देणारं क्रियाविशेषण एकही नाही, तरी जोर पुरेपूर आहे.

'मी येणारच' यात खात्री आहे: 'आय विल डेफिनेटली कम.' आणि 'मी फॉर्म भरलाच होता', म्हणजे तुम्ही नाही म्हणताय, पण मी भरला होता. हा 'च' तक्रारीच्या पत्रात फार कामाला येतो. इथं 'ओन्ली', 'रिअली', 'ॲक्च्युअली' काहीही नको. क्रियापदाआधी 'डिड' घाला: 'आय डिड सबमिट द फॉर्म.' एक छोटा शब्द, आवाज न चढवता ठाम. तक्रारीत मला याहून चांगलं हत्यार माहीत नाही.

वेळेचा 'च' सगळ्यांत फसवा. 'कालच अर्ज दिला' म्हणजे फार दिवस झाले नाहीत, तेव्हा 'ओन्ली यस्टरडे' चालतं: 'आय सबमिटेड द ॲप्लिकेशन ओन्ली यस्टरडे.' 'आत्ताच' म्हणजे 'जस्ट नाऊ', आणि ते भूतकाळासाठी: 'ही लेफ्ट जस्ट नाऊ.' 'पोहोचताच' म्हणजे 'ॲज सून ॲज आय रीच्ड'. पण 'आजच पाठवा' मधला 'च' घाई करतो, दुसरे दिवस वगळत नाही. 'सेंड इट टुडे ओन्ली' वाचून परदेशातला माणूस विचारात पडेल की उद्या पाठवलं तर परत येईल की काय. 'टुडे इटसेल्फ' भारतात सर्रास चालतं, बाहेर विचित्र वाटतं. सरळ लिहा: 'प्लीज सेंड इट टुडे.' खरंच घाई असेल तर वेळ द्या: 'प्लीज सेंड इट बाय फाइव्ह पीएम टुडे.'

दुसरी पायरी: 'ओन्ली' ज्याच्यासाठी आहे त्याच्या आधी बसवा

सोसायटीच्या सेक्रेटरीनं सोमवारी चेकवर सही केली. एवढ्या घटनेत 'ओन्ली' चार ठिकाणी फिरवून पाहा.

'ओन्ली द सेक्रेटरी साइन्ड द चेक ऑन मंडे.' सेक्रेटरीनंच केली, खजिनदारानं नाही.

'द सेक्रेटरी ओन्ली साइन्ड द चेक ऑन मंडे.' सही तेवढी केली, चेक बँकेत भरला नाही.

'द सेक्रेटरी साइन्ड ओन्ली द चेक ऑन मंडे.' चेकवर केली, पावतीवर नाही.

'द सेक्रेटरी साइन्ड द चेक ओन्ली ऑन मंडे.' सोमवारीच केली, त्याआधी नाही. म्हणजे उशीर झाला.

उद्या भांडण कोर्टात गेलं तर या चार वाक्यांवर चार वेगळे युक्तिवाद उभे राहतील. म्हणून नियम साधा आहे: ज्या शब्दावर मर्यादा घालायची, 'ओन्ली' त्याच्या लगेच आधी. आपल्या 'च'च्या बरोबर उलट बाजूला.

आता कुणी म्हणेल की इंग्रज स्वतः 'आय ओन्ली हॅव टेन पाउंड्स' म्हणतात, तिथं 'ओन्ली' क्रियापदाआधी आहे, दहाच्या आधी नाही. खरं आहे. बोलण्यात आणि साध्या लेखनात त्यांचा 'ओन्ली' क्रियापदापाशी जातो आणि संदर्भानं अर्थ लागतो. त्यात चूक काढत बसू नका. पण करार, नियमावली, शपथपत्र किंवा पैशांबद्दलची ईमेल लिहिताना काटेकोर जागाच धरा. तिथं संदर्भ समजून घेणारा वाचक नसतो, पळवाट शोधणारा असतो.

'ओन्ली' शेवटी कुठं चालतो? पाट्यांवर: 'स्टाफ ओन्ली', 'मेंबर्स ओन्ली'. आणि चेकवर: 'रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली', म्हणजे मागाहून कुणी रक्कम वाढवू नये. मला वाटतं, वाक्याच्या शेवटी 'ओन्ली' ठेवायची आपली सवय या दोन जागांनी आणखी पक्की केली असावी.

तिसरी पायरी: 'मी बी' साठी 'ईव्हन' नको

मराठी 'पण', 'ही', 'सुद्धा' आणि आपलं नागपुरी 'बी' ही दोन कामं करतात. एक, भर घालणं: 'मी बी आलो होतो.' दोन, आश्चर्य: 'लहान पोरालासुद्धा समजेल.' इंग्रजीत भर घालायला 'टू', 'ऑल्सो', 'ॲज वेल' आणि आश्चर्यासाठी 'ईव्हन'. 'ईव्हन आय केम टू द मीटिंग' लिहिलंत तर अर्थ होतो, माझ्यासारखा माणूस, जो कधी येत नाही, तोसुद्धा आला. तुम्ही नियमित येणारे असाल तर बॉसला हे वाचून गंमत वाटेल. 'आय केम टू द मीटिंग टू' लिहा. दोनदा 'टू' कानाला खटकत असेल तर 'आय अटेंडेड द मीटिंग ॲज वेल'.

नकारात गाडी वेगळ्या रुळावर जाते. 'मीपण गेलो नाही' याला 'आय ऑल्सो डिड नॉट गो' लिहू नका. 'आय डिड नॉट गो आयदर.'

'ईव्हन' एकटा दोन वाक्यं जोडू शकत नाही, हेही लक्षात असू द्या. 'ईव्हन आय हॅड फीवर, आय केम टू ऑफिस' हे अर्धवट वाक्य आहे. ताप खरोखर होता तर 'ईव्हन दो आय हॅड अ फीवर'. अजून आला नाही, आला तरी येईन म्हणायचंय तर 'ईव्हन इफ आय हॅव अ फीवर'. घडलेल्यासाठी 'दो', संभाव्य गोष्टीसाठी 'इफ'.

चौथी पायरी: 'व्हेरी' कुणाबरोबर जातो, कुणाबरोबर नाही

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्याचं वर्णन करताना इंग्रजी विशेषणांच्या दोन जाती समजून घेता येतात. 'हॉट' कमी-जास्त होऊ शकतं, म्हणून 'व्हेरी हॉट', 'एक्स्ट्रीमली हॉट'. 'बॉइलिंग' मध्ये टोक आधीच गाठलेलं आहे, त्याला 'व्हेरी' लागत नाही. लागलं तर 'ॲब्सोल्यूटली बॉइलिंग'. तसंच 'व्हेरी टायर्ड' पण 'ॲब्सोल्यूटली एक्झॉस्टेड', 'व्हेरी गुड' पण 'ॲब्सोल्यूटली एक्सलंट'. 'व्हेरी एक्सलंट', 'व्हेरी परफेक्ट', 'व्हेरी युनिक' ही आपल्याकडच्या बायोडेटात हमखास दिसणारी मंडळी. त्यांतला 'व्हेरी' खोडा, विशेषण एकटं जास्त दमदार वाटेल.

तुलनेत 'व्हेरी' कधीच नाही. 'नागपूर इज व्हेरी हॉटर दॅन पुणे' चूक, 'मच हॉटर' किंवा 'फार हॉटर' बरोबर. योगायोगानं इंग्रजी 'फार' आणि मराठी 'फार' इथं एकाच जागी बसतात. निदान हा प्रकार तरी लक्षात ठेवायला सोपा.

'टू' जपून. त्यात 'हवं त्याहून जास्त' अशी तक्रार दडलेली असते. सावजी रश्श्याचं कौतुक करताना 'टू स्पायसी' लिहिलंत तर वाचणारा समजेल, तुम्हाला तो खाववला नाही. कौतुक करायचं तर 'रिअली स्पायसी' किंवा 'सो स्पायसी', आणि पुढं आवडला असं लिहा. 'द ट्रेनिंग वॉज टू गुड' गप्पांमध्ये ठीक, फीडबॅक फॉर्ममध्ये नको.

'क्वाइट' देशानुसार रंग बदलतो. अमेरिकी माणूस 'क्वाइट गुड' म्हणजे चांगलंच समजेल. ब्रिटिश वाचकाला तेच 'बरं आहे' असं वाटू शकतं. आणि 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे पूर्ण अशक्य, दोन्हीकडे. तिकडच्या विद्यापीठासाठी कुणाचं शिफारसपत्र लिहीत असाल तर 'क्वाइट'ला हातच लावू नका.

पाचवी पायरी: क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये घुसू नका

'आय लाइक व्हेरी मच धिस जॉब' चूक. क्रियापद आणि कर्म एकत्र राहू द्या: 'आय लाइक धिस जॉब व्हेरी मच.' छोट्या क्रियाविशेषणांची नेहमीची जागा मुख्य क्रियापदाआधी ('आय रिअली ॲप्रिशिएट युवर हेल्प'), सहायक क्रियापद असेल तर त्याच्या नंतर ('आय हॅव ऑलरेडी पेड'), आणि 'इज', 'ॲम', 'आर' हेच मुख्य क्रियापद असेल तर त्याच्याही नंतर ('शी इज ऑलवेज लेट').

नकाराजवळ मात्र जागा बदलली की अर्थ बदलतो. 'आय डोन्ट रिअली अंडरस्टँड धिस रूल' म्हणजे नीटसं समजलं नाही. 'आय रिअली डोन्ट अंडरस्टँड धिस रूल' म्हणजे अजिबात समजलं नाही, आणि थोडा वैतागही आहे. वरिष्ठांना कुठलं पाठवायचं ते तुम्ही ठरवा.

'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' ची जोडी सारख्याच गोष्टींच्या आधी हवी. 'शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो हिंदी' लंगडं. 'शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो हिंदी' दोन पायांवर उभं. आणि 'ओन्ली आफ्टर' नं वाक्य सुरू केलंत तर पुढं प्रश्नासारखी रचना करावी लागते: 'ओन्ली आफ्टर थ्री रिमाइंडर्स डिड वी गेट अ रिप्लाय.' हे फार जोरकस असतं. एका पत्रात एकदा पुरे, दुसऱ्यांदा नाटकी होतं.

'हार्डली'चा धोका वेगळा सांगायला हवा, कारण तो नोकरी घालवू शकतो. 'हार्ड' म्हणजे कष्टानं, 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळपास नाहीच. 'आय वर्क्ड हार्ड' म्हणजे मी मेहनत केली. 'आय हार्डली वर्क्ड' म्हणजे मी काम असं केलंच नाही. शेवटी 'ली' जोडला की त्याच अर्थाचं क्रियाविशेषण होतं, हा शाळेतला नियम इथं लागू होत नाही. 'लेट' आणि 'लेटली' यांचंही तसंच: 'लेटली' म्हणजे अलीकडे, उशिरा नव्हे.

सहावी पायरी: ठरलेल्या जोड्या पाठ करा

यात तर्क शोधू नका, मराठीतही 'घोर अन्याय' आणि 'गाढ झोप' असतात, उलट नसतात. पत्रव्यवहारात लागणाऱ्या एवढ्या जोड्या पुरेत: 'हायली रेकमेंड', 'हायली क्वालिफाइड', 'डीपली ग्रेटफुल', 'सिन्सिअरली अपॉलोजाइज', 'स्ट्रॉन्गली ऑब्जेक्ट', 'फुली अवेअर', 'ग्रेटली ॲप्रिशिएट', 'बॅडली डॅमेज्ड', 'सिरियसली इंज्युअर्ड', 'स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड'. 'हायली थँकफुल' आणि 'स्ट्रॉन्गली सॉरी' यांत नाहीत. शंका आली तर विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात ते क्रियापद किंवा विशेषण काढा आणि अर्थ सोडून उदाहरणवाक्यं वाचा. जोडी तिथं सापडते.

सातवी पायरी: मग खोडा

मजकूर पूर्ण झाला की 'ॲक्च्युअली', 'बेसिकली', 'ऑब्व्हियसली', 'लिटरली', 'क्लिअरली', 'रिअली', 'व्हेरी' हे शब्द शोधून प्रत्येकावर थांबा. 'ॲक्च्युअली'त वाचणाऱ्याची चूक दुरुस्त केल्याचा सूर येतो. चूक नसेल तर तो विनाकारण टोचतो. 'ऑब्व्हियसली' म्हणजे एवढंही कळत नाही का. 'क्लिअरली' कायदेशीर मजकुरात बहुतेक तिथंच भेटतो जिथं पुरावा कमी पडलेला असतो. जोर खरोखर हवा असेल तर शब्दाच्या जागी माहिती टाका. 'धिस इज अ व्हेरी ओल्ड कम्प्लेंट' पेक्षा 'धिस कम्प्लेंट हॅज बीन पेंडिंग सिन्स जॅन्युअरी' जास्त बोलतं. मोठ्या लिपीत लिहिणं आणि तीन-तीन उद्गारचिन्हं ही जोराची सोय नव्हे. तो आरडाओरडा आहे, आणि वाचणारा तसाच घेतो.

आता हे सगळं एका अर्जावर लावून पाहू. मिहानमधल्या एका कल्पित कंपनीच्या हिशेब विभागासाठीचा मजकूर:

'आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन धिस पोझिशन ओन्ली. आय ॲक्च्युअली वर्क्ड हार्डली इन अकाउंट्स फॉर थ्री इयर्स. ईव्हन आय नो टॅली. आय कॅन डेफिनेटली जॉइन ऑन मंडे ओन्ली.'

कंपनीनं यातून काय वाचलं? दुसरी जागा दिली तर येणार नाही. तीन वर्षं फारसं काम केलं नाही. माझ्यासारख्यालाही टॅली येतं, म्हणजे बघा. आणि मंगळवारी बोलावलं तर जमणार नाही. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र होतं, 'सोमवारीच येतो, उशीर करत नाही'.

दुरुस्त करून:

'आय ॲम इंटरेस्टेड इन धिस पोझिशन इन पर्टिक्युलर. आय हॅव वर्क्ड इन अकाउंट्स फॉर थ्री इयर्स. आय ॲम ऑल्सो ट्रेन्ड इन टॅली. आय कॅन जॉइन ॲज अर्ली ॲज मंडे.'

सोमवारच्या 'च'ची घाई 'ॲज अर्ली ॲज' नं घेतली. 'व्हेरी मच', 'ॲक्च्युअली', 'डेफिनेटली' गेले आणि त्यांच्या जाण्यानं काही बिघडलं नाही. मेहनतीचा उल्लेखही गेला; त्या जागी तीन वर्षांत नेमकं काय सांभाळलं, म्हणजे जीएसटी रिटर्न की पगारपत्रक, ते एका ओळीत लिहा. पहिल्या वाक्यातलं 'इन पर्टिक्युलर' कंपनीनं एकाच जाहिरातीत दोन-तीन पदं दिली असतील तरच ठेवा. पद एकच असेल तर तेही काढून टाका.